अनधिकृत निवांतपणा

पाणी तपासणी केंद्राच्या मागच्या अंगाला, जनरेटरची खोली आणि कुंपणाची भिंत यांच्या मधोमध, सहा पावले रुंद आणि वीस पावले लांब अशी एक मोकळी जागा होती. कार्यालयाच्या नकाशात तिची नोंद 'निरुपयोगी' अशी होती. तिथे एक झाड होते, एक पालथा घातलेला लाकडी खोका होता आणि भिंतीला एक भेग होती. भेगेत शेवाळ होते. दररोज दुपारी एक वाजता केंद्रातील वरिष्ठ तपासनीस बाई त्या खोक्यावर येऊन बसत आणि वीस मिनिटे त्या शेवाळाचे चित्र काढत. यात कोणाचेही काही बिघडत नव्हते. पुढे अडचण झाली ती यामुळेच.

बाईंना केंद्रात सगळे थेंबबाई म्हणत. शहरभरच्या नळांचे नमुने रोज दीड वाजता बारा बाटल्यांतून येत. पाण्यात जंतू मारण्यापुरते क्लोरीन उरले आहे की नाही, हे पाहायचे असे. बाई त्या पाण्यात रसायने घालून ते निळे करत आणि मग ब्युरेट नावाच्या काचेच्या उभ्या नळीतून त्यात एकेक थेंब सोडत. एका विशिष्ट थेंबाला निळा रंग पुसल्यासारखा नाहीसा होई. त्याच्या आधी थांबले की आकडा चुकला, एक थेंब जास्त पडला तरी चुकला. बाईंची सत्तावीस वर्षांची नोकरी त्या एका थेंबापाशी येऊन थांबत असे.

गेल्या वर्षी बाईंचा हात थरथरू लागला. फार नाही, चहा सांडणार नाही इतपतच. पण थेंबाला तेवढे पुरते. दोन वेळा दोन थेंब एकदम पडले आणि चाचणी पुन्हा करावी लागली. पुन्हा केलेल्या चाचणीची नोंद लाल शाईत करायची असते. साहेबांनी बाईंना बोलावून मोठ्या मायेने सांगितले, "बाई, वय काय कोणाच्या हातात असतं का? पण तिसऱ्यांदा लाल शाई लागली ना, तर तुम्हाला आवक-जावकच्या टेबलाला बसवावं लागेल. तिथे बरं असतं. थेंबच नाहीत."

बाई घरी जाऊन रडल्या नाहीत. त्या विज्ञानाच्या पदवीधर होत्या. त्यांनी एक आठवडा चहा कमी केला, एक आठवडा झोप वाढवली आणि एक आठवडा जेवणाच्या सुट्टीत बाहेर जाऊन बसल्या. पहिल्या दोन उपायांनी काही फरक पडला नाही. तिसऱ्या आठवड्यात नुसते बसून कंटाळा आला म्हणून त्यांनी एका जुन्या नोंदवहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर बोटभर पेन्सिलीने समोरचे शेवाळ काढायला घेतले. शेवाळाला दोऱ्याएवढे देठ असतात आणि देठाच्या टोकाला मोहरीहून बारीक बोंडे असतात, हे त्यांनी पदवीला वाचले होते, पाहिले आता. तळहाताएवढा तुकडा काढायला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत हात एकदाही थरथरला नाही. खात्री करून घ्यावी म्हणून बाईंनी आठवडाभर बाहेर बसणे बंद केले. थरथर परत आली. पुन्हा बसू लागल्या, थरथर गेली. अशा रीतीने गोष्ट सिद्ध झाल्यावर त्यांनी ती कोणालाही सांगितली नाही.

पुढेही सांगितली नसती तर बरे झाले असते. पण त्याच सुमारास साहेब 'थांबायला शिका' या विषयावरच्या तीन दिवसांच्या शिबिराला जाऊन आले. शिबिरात पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत एकूण एकतीस सत्रे होती आणि साहेबांनी एकही चुकवले नव्हते. परत आल्यावर डोळे मिटायला म्हणून ते खिडकीशी उभे राहिले, आणि मिटण्याआधी त्यांना खाली बाई दिसल्या.

"दुपारी मागे काय करता हो?" त्यांनी विचारले.

"काही नाही, साहेब."

"काही नाही म्हणजे? काहीतरी करत होतात. वही होती हातात."

"शेवाळ काढते. चित्र."

"कशासाठी?"

बाईंना खोटे बोलता येत नसे. बोलत राहण्याची सवय नसली की तेही जमत नाही. "हात स्थिर राहतो," त्या म्हणाल्या.

साहेबांच्या चेहऱ्यावर एकतीस सत्रांचा उजेड पडला. "बाई," ते हळू आवाजात म्हणाले, "हे तुम्ही एकटीनं करता? आणि बाकीचे बेचाळीस लोक कोरडेच?"

दुसऱ्या दिवशी परिपत्रक निघाले. 'मंदगती उपक्रम' असे त्याचे नाव होते. त्यात म्हटले होते की सर्व कर्मचाऱ्यांनी दररोज वीस मिनिटे उघड्यावर, सावकाश, एखाद्या साध्या सर्जनशील कामात आणि कोणतेही उद्दिष्ट न ठेवता घालवावीत. उद्दिष्ट न ठेवण्याचे विभागवार मासिक उद्दिष्ट सोबत जोडले आहे.

अंमलबजावणी मुख्य कारकुनांकडे आली. प्रत्येक वाक्यात एखादे कलम घातल्याशिवाय त्यांना श्वास पुरत नसे, म्हणून त्यांना कलमकाका म्हणत. त्यांनी मागच्या जागेचे क्षेत्रफळ काढले, दर माणशी लागणाऱ्या निवांतपणाने त्याला भागले आणि एका वेळी सहाच जण सावकाश होऊ शकतात असे ठरवून वेळापत्रक केले. बाईंचे नाव चार दहा ते साडेचारच्या तुकडीत आले.

"काका, माझे नमुने दीडला येतात," बाई म्हणाल्या. "मला त्याच्या आधीचीच वेळ लागते."

"एक ते एक-वीस साहेबांनी घेतलीय. तुमचीच वेळ त्यांना आवडली. मान समजा की."

"पण मी सव्वाचारला शांत होऊन काय करू? काम तोवर संपलेलं असतं."

"मग शांतपणे घरी जा." कलमकाकांनी एक छापील तक्ता पुढे सरकवला. "हे भरा. उपक्रमाचं स्वरूप?"

"शेवाळाचं चित्र."

"संख्या?"

"एकच आहे. संपलं की पुढचं."

"आठवड्याला किती संपतात?"

"संपवायची नसतात ती."

कलमकाकांनी 'शून्य' लिहिले आणि चष्म्यावरून पाहिले. "आता शेवटचा रकाना. प्राप्त शांतता. टक्क्यांत."

"मोजली नाही कधी."

"कमाल आहे बाई तुमची. सगळ्या गावाचं पाणी मोजता आणि हे मोजत नाही? ड्रायव्हरनं बघा किती व्यवस्थित भरलंय. ब्याऐंशी टक्के."

उपक्रम जोरात सुरू झाला. पहिल्या आठवड्यात लेखा विभागाने ढगांचे आकार पाहण्याचे काम घेतले आणि दोनशे चौदा ढग निकाली काढले. टंकलेखक बाईंनी झाडावर आठ ओळींची कविता केली. ती तीन प्रतींत सादर करायची असल्याने मधला कार्बन कागद बदलता बदलता त्यांचे झाड पाहायचे राहून गेले. साहेबांना एक ते एक-वीस या वेळात रोज उपक्रमाचीच बैठक असे, त्यामुळे ते स्वतः कधी येऊ शकले नाहीत. पण जागा त्यांची होती, म्हणून त्या वीस मिनिटांत ती साखळी लावून रिकामी ठेवण्यात येई आणि साखळीपाशी शिपाईमामा उभे राहत. साऱ्या केंद्रात त्या वेळी खरोखर स्वस्थ असे तेच एकटे, पण त्यांना तक्ता दिलेला नव्हता.

"मामा, दोनच मिनिटं बसू द्या," बाई एकदा म्हणाल्या.

"बसा की, माझं काय जातंय," मामा म्हणाले. "पण वर बघा. कॅमेरा बसवलाय. तुम्ही बसलात की मी राखण सोडून नुसताच उभा आहे, असं दिसतं त्यात."

कॅमेरा बसवण्याचे कारण साधे होते. निवांतपणाची नोंद लोक खोटी करू लागले होते. कॅमेऱ्यात नीट दिसावे म्हणून झाडाच्या मधल्या फांद्या उतरवल्या. सगळ्यांनी पानांची चित्रे काढायला घेतल्याने हाताला येणारी पाने आधीच संपली होती. उरलेली पाने मोजून भांडारात जमा करण्यात आली आणि रोज सहीवर एकेक मिळू लागली. वापरून झालेले पान परत करायचे होते. चौथ्या आठवड्यात ड्रायव्हर, ब्याऐंशी टक्के शांत असताना, भिंतीच्या पायथ्याशी पसरलेल्या शेवाळावरून घसरला. लगेच सुरक्षिततेच्या दृष्टीने जमिनीवर फरशी टाकली, भिंत खरवडून भेग बुजवली आणि साऱ्यांना निसर्ग वाटावा म्हणून भिंतीला हिरवा रंग दिला. त्या हिरव्या रंगाकडे चार दहा ते साडेचार बघत बसणे बाईंच्या नशिबी आले. त्यांनी वहीत पान उघडले, पेन्सिल धरली आणि वीस मिनिटांनी मिटले. तक्त्यात कलमकाकांनी 'शंभर टक्के' लिहिले. कोऱ्या पानाला त्यांच्याकडे फार मान होता.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या बाटलीला बाईंचा हात थरथरला. थेंब नळीच्या टोकाशी लोंबला, हलला, आणि देवाची कृपा म्हणून एकटाच पडला. बाईंनी ब्युरेटची तोटी बंद केली आणि उजवा हात डाव्या हातात धरून क्षणभर उभ्या राहिल्या. लाल शाईची दौत कपाटात समोरच होती.

घरी गॅलरी होती. गॅलरीत कुंडी होती, कुंडीत चार पाने होती. एवढे पुरले असते. संध्याकाळी बाई वही घेऊन गेल्या तर तिथे त्यांची कॉलेजातली लेक तीन पायांचा स्टँड लावून बसली होती.

"आई, सावली पडतेय तुझी. मागे हो ना."

"काय चाललंय?"

"हळू जगण्याचा व्हिडिओ. मी नुसती बाहेर बघत चहा पितेय. वीस सेकंदांचा आहे."

"मग पी आणि उठ. मला बसायचंय."

"अगं, सतरा वेळा प्यायले. दर वेळी घाईत दिसतेय." लेकीने कपात पुन्हा चहा ओतला. "तुझं ते शेवाळबिवाळ सध्या जाम चालतं, माहितीये? तू आधी टाकलं असतंस तर एव्हाना किती लोक असते तुझ्या मागे."

"मागे लोक नसावेत म्हणूनच बसते गं मी."

"हे भारी आहे. हे वाक्य घेऊ का मी?"

गॅलरी साडेसातला मोकळी झाली. तोवर कुंडीतली पाने दिसेनाशी झाली होती आणि कणीक भिजवायची होती.

तेव्हा बाईंनी मन घट्ट करून एक पाऊल उचलले. एक वाजता त्या केंद्राच्या फाटकाबाहेर गेल्या आणि पदपथावरच्या विजेच्या खांबाला टेकून त्याच्यावरचा गंज काढू लागल्या. गंजालाही कडा असतात, बेटे असतात. शेवाळाइतका नाही, पण बरा होता तो. पहिल्या दिवशी हात स्थिर राहिला. दुसऱ्या दिवशी राहिला. तिसऱ्या दिवशी शिपाईमामा हातात कागद घेऊन येऊन उभे राहिले आणि नजर दुसरीकडे वळवून म्हणाले, "बाई, आत चला. वरून दिसलात तुम्ही."

कागदावर लिहिले होते की आपण नेमून दिलेली जागा व वेळ सोडून, नोंदणी न करता, परस्पर निवांत झाल्याचे निदर्शनास आले आहे; हा निवांतपणा अनधिकृत असून तो पुढे चालू राहिल्यास नियमित निवांत कर्मचाऱ्यांच्या मनोधैर्यावर परिणाम होईल.

"खुलासा द्यावा लागेल," कलमकाका म्हणाले.

"काय देऊ?"

"पुन्हा शांत होणार नाही असं लिहा. बाहेर. आत व्हा की हवं तेवढं, कोण नाही म्हणतंय?"

बाईंनी लिहून दिले. त्यांच्या अक्षराला किंचित कंप होता.

एव्हाना साहेबांनी उपक्रमात स्पर्धा आणली होती. सर्वांत संथ विभागाला फिरती ढाल मिळायची होती. प्रत्येकाच्या मनगटाला पावले मोजण्याचे यंत्र बांधले होते. पावले जितकी कमी तितके गुण जास्त. ढाल आवक-जावक विभागाने घेतली, आणि इतक्या फरकाने घेतली की दुसऱ्या क्रमांकाला कोणी लाजेने पुढे येईना. त्या विभागात एकच माणूस होता. त्याला सगळे सावकाशराव म्हणत. उपक्रम काल-परवाचा, सावकाशरावांची तयारी अकरा वर्षांची होती. त्यांना 'प्रथम श्रेणी निवांत' असे प्रमाणपत्र मिळाले. ते घेण्यासाठी ते व्यासपीठापर्यंत गेले नाहीत. व्यासपीठ त्यांच्यापर्यंत आणले.

मग वरून पत्र आले. राज्यभरातल्या कार्यालयांचा संथपणा पाहण्यासाठी एक समिती फिरत होती आणि ती मंगळवारी दीड वाजता येणार होती. समितीला एका दिवसात सात कार्यालये उरकायची असल्याने ती केंद्रात बरोबर अकरा मिनिटे थांबणार होती.

साहेबांना सोमवारी रात्री कल्पना सुचली. मंगळवारी सकाळी चार माणसांनी बाईंचे चाचणीचे टेबल उचलून मागच्या अंगणात, उरलेल्या झाडाखाली नेऊन ठेवले. झाडाला पाने नव्हती, पण खोड रंगवून घेतले होते.

"उघड्यावर, निसर्गाच्या सान्निध्यात, सावकाश चाचणी," साहेब म्हणाले. "असं कुठल्या कार्यालयात बघायला मिळणार आहे?"

"साहेब, उन्हात क्लोरीन टिकत नाही," बाई म्हणाल्या. "बाटल्या उन्हात राहिल्या की हळूहळू उडून जातं. मग आकडा येतो तो पाण्याचा नसतो, उन्हाचा असतो."

"किती वेळ चालतं उन्हात?"

"पाच-दहा मिनिटं फार तर."

"अकरा मिनिटांचा तर प्रश्न आहे, बाई. एका मिनिटानं काय होतंय?"

दीड वाजता बारा बाटल्या आल्या आणि टेबलावर रांगेत ठेवल्या गेल्या. एक्केचाळीस कर्मचारी आपापल्या जागी निवांत बसले. लेखा विभागाने ढगांकडे माना वर केल्या. टंकलेखक बाईंनी ओठांत कवितेची पहिली ओळ धरून ठेवली. साहेब समितीच्या वाटेवर डोळे लावून अत्यंत शांत होते. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळून कॉलरमध्ये जात होता. समिती आली नाही. मागच्या कार्यालयाचा संथपणा आवरता आवरता तिला उशीर झाला होता.

सहा मिनिटे झाली. बाटल्यांवर ऊन सरळ उतरले होते. बाईंनी साहेबांकडे पाहिले. साहेबांनी ओठ न हलवता सांगितले, "बसून राहा."

"साहेब, मी बाटल्या आत नेते."

"कोणी उठायचं नाही. समिती फाटकाशी आली असेल."

बाईंना त्या बारा बाटल्या म्हणजे बारा नळ दिसत होते; कुठल्या बाटलीत कुठल्या गल्लीचे पाणी आहे तेही ठाऊक होते. आठव्या मिनिटाला त्यांनी ट्रे उचलला आणि चालू लागल्या. त्या धावल्या नाहीत. पण त्या अंगणात त्या दिवशी जो कोणी सरळ चालला असता तो धावल्यासारखाच दिसला असता. नेमकी तेव्हाच समिती धापा टाकत आत शिरली. समितीतल्या बाईंच्या हातात घड्याळ होते. त्यांनी ते दाबले आणि वहीत लिहिले: एक महिला कर्मचारी, वीस पावले, नऊ सेकंद.

आतली खोली रिकामी आणि गार होती. टेबल बाहेर, म्हणून बाईंनी धुण्याच्या ओट्यावरच सगळे मांडले. उजवा हात थरथरत होता. त्यांनी डाव्या हाताने मनगट धरले आणि एकेक बाटली घेतली. अकरा बाटल्या ठीक निघाल्या. बाराव्या बाटलीचे पाणी रसायने घालूनही निळे झालेच नाही. त्यात क्लोरीन नव्हते. शंका आली की चाचणी पुन्हा करून पाहावी, असे पुस्तकात सांगितले आहे. पुन्हा केली की लाल शाई, असे परिपत्रकात सांगितले आहे. बाईंनी दोन्ही वाचलेली होती. त्यांनी चाचणी पुन्हा केली. पाणी पुन्हाही निळे झाले नाही. त्यांनी लाल शाईची दौत काढली, नोंद केली आणि जलवाहिनी विभागाला फोन लावला. संध्याकाळपर्यंत त्या भागातली पाण्यात क्लोरीन सोडणारी, बंद पडलेली पेटी दुरुस्त झाली.

केंद्राला राज्यात दुसरा क्रमांक मिळाला. पहिला नऊ सेकंदांनी हुकला.

"तुम्ही केलंत ते योग्यच केलंत," साहेब बाईंना म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले. "पेटी बंद होती हे कळलं, लोकांचा त्रास वाचला. तुमचं अभिनंदन करणारं पत्र काढलंय." त्यांनी ते दिले. "आणि हे बदलीचं. लाल शाई तिसऱ्यांदा झाली, आणि वरून नऊ सेकंदांबद्दल विचारणा आहे. दोन्हीवर आजचीच तारीख घातली, म्हणजे तुमची पुन्हा खेप नको."

"माझ्या टेबलाला कोण येणार?"

"सावकाशराव. प्रथम श्रेणी आहेत. त्यांचा हात हललेला आजवर कोणी पाहिलेला नाही."

अशा रीतीने थेंबबाई आवक-जावकच्या टेबलाला बसल्या. शिपाईमामांनी त्यांच्यासाठी खिडकीशी खुर्ची लावून दिली. ढाल जिंकलेल्या विभागाला उपक्रमातून सूट होती, त्यामुळे त्यांना आता दिवसभरात कधीही, कितीही वेळ बाहेर पाहता येत होते. खिडकीसमोर एक नवी भेग होती आणि तीत चांगले पोसलेले गवत होते. बाईंनी चार दिवसांत ते सगळे काढले. हात असा स्थिर झाला की त्यांच्या लग्नाच्या वेळीही इतका नसेल. फक्त त्या हातात आता शिक्का होता.

रोज संध्याकाळी पाण्याचा अहवाल रवाना व्हायला त्यांच्याच टेबलावर येई. पहिल्या दिवशी बाराही नळांना ०.२ हा आकडा होता. तेवढे क्लोरीन असले की पाणी पिण्याजोगे धरतात. दुसऱ्या दिवशीही बाराही ठिकाणी ०.२ होते. पाचव्या दिवशी बाई उठून मागच्या अंगणात गेल्या. सावकाशराव बाकावर बसले होते.

"सावकाशराव, बारा नळांना रोज सारखाच आकडा कसा येतो?"

"बाई," सावकाशराव बऱ्याच वेळाने म्हणाले, "घाई केली की आकडे वेगवेगळे येतात."

"तुम्ही बाटल्या बघता तरी का?"

"बघतो की. रोज बघतो. स्वच्छ असतात."

"थेंब सोडता?"

"सोडेन. त्याला तेवढी मनाची तयारी लागते, बाई. तुम्हाला काय सांगायचं."

बाईंनी लेखी आक्षेप दिला. लेखी आक्षेप आवक विभागात दाखल करावा लागतो, म्हणून तो त्यांनी स्वतःकडेच दाखल केला, त्याला क्रमांक दिला आणि स्वतःला पोच दिली. कलमकाकांनी त्यावर संबंधितांचा अभिप्राय मागवला. कागद सावकाशरावांच्या ट्रेमध्ये गेला. त्यांना आठवण करून देता येईना, कारण उपक्रमानुसार एखाद्याला घाई करायला लावणे हा आता गंभीर प्रकार होता.

मग बाईंनी जे आयुष्यात केले नव्हते ते केले. त्यांनी अहवालांवर शिक्का मारणे थांबवले. शिक्क्याशिवाय अहवाल बाहेर जात नाही. अहवाल गेला नाही की चौकशी होईल, चौकशी झाली की बाटल्या उघडल्या जातील, असा त्यांचा साधा हिशोब होता. अकरा दिवसांचे अहवाल खणात साठले. बाराव्या दिवशी साहेब स्वतः आले, आणि त्यांच्या मागून कलमकाका हार घेऊन आले. अकरा दिवसांत एकही कागद पुढे न सरकवल्याबद्दल ढाल त्याच विभागाकडे राहिली होती, आणि बाईंना प्रथम श्रेणी देण्यात आली होती.

"मला वाटलंच होतं," साहेब म्हणाले, "की तुम्हाला इथे जमेल."

हार टेबलाच्या कडेला ठेवून बाईंनी नियमांचे पुस्तक काढले. आता वेळ भरपूर होता. त्यांनी ते पहिल्या पानापासून वाचले. सव्विसाव्या पानावर एक नियम सापडला. केंद्रातले कर्मचारी व त्यांच्या घरचे वगळून कोणाही एका नागरिकाने आपल्या नळाच्या पाण्याचा अहवाल लेखी मागितला, तर त्या नळाचा नमुना त्याच दिवशी नव्याने घ्यावा आणि त्याची चाचणी वरिष्ठ तपासनिसानेच करावी. बदली झाली तरी बाईंचे पद तेच होते. म्हणजे एक अर्ज पुरे होता. अर्जाला ठरावीक नमुना नाही, तिकीट नाही. साध्या कागदावर दोन ओळी चालतात. असा अर्ज यापूर्वी कधी आला होता, हे पाहायला त्यांनी जुन्या आवक नोंदवह्या काढल्या. सत्तावीस वर्षांत एकही नव्हता.

तेव्हापासून रोज सकाळी डाक आली की थेंबबाई ती स्वतः उघडतात. लग्नपत्रिका असतात, जाहिराती असतात, हळू जगण्याच्या शिबिराची आमंत्रणे असतात. पाण्याबद्दल कोणी काही विचारलेले नसते. बाईंना यात राग नाही, आश्चर्य आहे. आज सकाळी तुम्हीही नळाखाली पेला धरलात, उभ्या उभ्या रिकामा केलात आणि कामाला लागलात, आणि गेल्या कित्येक वर्षांप्रमाणे तुमच्या मनात त्याबद्दल एकही तरंग उठला नाही. समिती सात कार्यालये धावत पालथी घालून जी शांतता शोधत होती, ती तुमच्या घरी नळाशेजारी उभी होती. तिच्या मनगटाला फक्त कोणी यंत्र बांधलेले नव्हते.